चेंडू कापणारा पनाईत

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, डावीकडच्या घरात पनाईत राहतो. तोंडावर आम्ही त्याला नेआ पनाईत म्हणायचो, म्हणजे पनाईतकाका. पाठीमागे कसाई. मागच्या अंगणात आम्ही वीस-पंचवीस पोरं सकाळपासून अंधार पडेपर्यंत धुडगूस घालायचो आणि दिवसातून एकदा तरी चेंडू त्याच्या बाल्कनीत जायचाच. मग दार उघडायचं, बनियनमधला पनाईत डोळे चोळत बाहेर यायचा, चेंडू उचलायचा आणि आत जायचा. आम्ही श्वास रोखून उभे. दोन मिनिटांनी चेंडूच्या दोन वाट्या बाहेर येऊन पडायच्या, पावाच्या सुरीने अगदी मधोमध कापलेल्या. त्या आम्ही डोक्यावर घालून शिपाई-शिपाई खेळायचो, तो भाग वेगळा.

माझा चेंडू मात्र खऱ्या चामड्याचा होता. वडिलांनी तो समुद्रकाठच्या कोन्स्तान्त्साहून आणलेला, आमच्या अख्ख्या गालात्स शहरात तसा दुसरा नव्हता असं मला तेव्हा वाटायचं. ब्याण्णव सालच्या जूनमध्ये पनाईतने तोही कापला. चामड्याची काही टोपी होत नाही. वडील त्याच्या दारावर दोन लाथा घालून आले आणि पुढची अकरा वर्षं त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

तो पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर होता. रात्रपाळी करून सकाळी सातला घरी यायचा आणि खिडकीखाली आमचा बाजार भरलेला असायचा. माणूस दिवसा झोपतो हे आमच्या डोक्यात कधी आलंच नाही, आणि त्यानेही कधी सांगितलं नाही. मला ते समजलं ते मी स्वतः औषधाच्या दुकानात रात्रपाळ्या करायला लागले तेव्हा. तरी माझा राग गेला नाही. मला कुणी फारसं समजूतदार म्हणत नाही.

त्याची मुलगी मारिलेना माझ्याच वयाची. अंगणात सगळ्यांत मोठा आवाज तिचा. ती 'सुटले!' म्हणून ओरडली की चौथ्या मजल्यावरच्या सान्दामावशीच्या हातातला चमचा पडायचा. पनाईतने तिचेही चेंडू कापले, आपपरभाव केला नाही. पुढे तिचं लग्न झालं, नवरा निघून गेला, आई वारली, आणि मागच्या जानेवारीत ती एका म्हातारीची देखभाल करायला इटलीत तोरिनोला गेली. आमच्या जिन्यातून असं कोणी ना कोणी गेलेलंच आहे. जाताना तिने सात वर्षांच्या तोमाला वडिलांकडे ठेवलं.

त्या दिवसापासून तोमाच्या तोंडाला कुलूप लागलं. घरात आजोबांशी कुजबुजायचा, तेवढंच. दाराबाहेर पाऊल पडलं की शब्द नाही. शाळेत नाही, दुकानात नाही, आईचा फोन आला तरी नुसता पडद्याकडे बघत बसायचा आणि पलीकडे मारिलेना रडायची. शाळेने सहा महिने वाट पाहिली आणि मग कागद पाठवला. बारा सप्टेंबरला तपासणी मंडळासमोर मुलाला हजर करा. तिथेही तो बोलला नाही तर त्याला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या विशेष शाळेत घालणार होते. तिथे वसतिगृह होतं आणि घरी पाठवणार पंधरा दिवसांतून एकदा. ज्या पोराची आई गेली म्हणून वाचा गेली, त्याचे आजोबाही काढून घ्यायचे. असला उपाय टेबलामागे बसलेल्या माणसांनाच सुचतो.

दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरबाईंनी मात्र पनाईतला वेगळंच सांगितलं. "याच्यासाठी माझ्याकडे गोळी नाही. याला पोरं हवीत. अंगणात सोडा आणि मध्ये मध्ये करू नका."

अंगणात सोडा! त्याने आणून सोडलंही. ऑगस्टचा सबंध महिना तो तोमाला घेऊन सकाळ-संध्याकाळ मागे उभा असायचा. अंगणात अठरा गाड्या आणि एक मांजर. इमारतीत मुलं अकरा होती, पण त्यांच्यापैकी एकाचीही चप्पल त्या मातीला लागत नव्हती. मी औषधाच्या दुकानात जाता-येता त्या दोघांना बघायचे. नमस्कारसुद्धा करायचे नाही.

एका गुरुवारी माझ्या दारावरची बेल वाजली. बाहेर पनाईत. इस्त्रीचा सदरा, दाढी करताना हनुवटीला कापलेलं, आणि काखेत नवा कोरा चेंडू. तीन मजले चढून त्याला धाप लागली होती.

"कोरिना, हा तुझ्या पोरीसाठी."

"तेहेतीस वर्षं उशीर झाला, नेआ पनाईत. आणि माझा चामड्याचा होता."

"ठाऊक आहे मला. काळे ठिपके होते त्यावर." त्याने चेंडू पुढे केला. मी घेतला नाही. "इलिंकाला खाली पाठव गं. थोडा वेळ. रोज नको, तुला जमेल तेव्हा. तोमाजवळ नुसती उभी राहिली तरी चालेल."

"तिला वेळ कुठे आहे? सोमवारी-बुधवारी पियानो, मंगळवारी-शुक्रवारी इंग्रजी, शनिवारी दुपारी पोहणं, रविवारी सकाळी जर्मन."

"सुट्टी लागलीय ना?"

"म्हणून तर."

हे बोलताना मला जरा गंमतच वाटत होती. माणूस नाक मुठीत धरून आलाय आणि आपण त्याला दारात उभं ठेवलंय, हे सुख मी पुरेपूर घेतलं. मग तो जे करायला नको तेच करून बसला. चेंडू माझ्या पायपुसण्यावर ठेवला आणि रडायला लागला. मोठा माणूस रडतो तसा नाही, पोरासारखा, नाक ओढत. "बारा तारखेला घेऊन जातील गं त्याला. काय करू ते सांग. माझे हात कापून हवेत तर ते घे."

माझी सगळी ऐट उतरली. मी म्हणाले, "शनिवारी अकरा ते एक. एकच्या पुढे नाही, पोहण्याचे पैसे आधीच भरलेत."

तो त्याच पावली बाकीची दारं वाजवत गेला. प्रत्येक दारात एक चेंडू, खाली पिशवी भरून आणून ठेवले होते त्याने. त्याला कोणी काय सुनावलं ते मी जिन्यात ऐकलंच. दुसऱ्या मजल्यावरच्या सोरिनने, त्याचे सहा कापले गेले होते, विचारलं, "सुरी पण आणलीय का बरोबर?" एका आईने, पोरगं पडलं तर जबाबदार कोण, असं विचारलं आणि तसं लिहून मागितलं. त्याने लिहून दिलं. शेवटी मीच सगळ्यांना निरोप पाठवला, आणि त्याच्यावर एवढा राग असूनही माझं ऐकून आणखी पाच जणांनी हो म्हटलं. त्यासाठी सोरिनने काही गाड्यादेखील हलवून घेतल्या.

शनिवारी अकराला सहा मुलं खाली आली, त्यांच्यामागे सहा आया. पाण्याच्या बाटल्या, टोप्या, उन्हाचं मलम. मुलं एका ओळीत उभी राहिली. तोमा आजोबांच्या विजारीला धरून. पाच मिनिटं कोणी हललं नाही.

"काय करायचं?" माझ्या इलिंकाने विचारलं. नऊ वर्षांची आहे ती, दोन परकीय भाषा बोलते.

"खेळा," मी म्हणाले.

"पण काय? सर कुठायत?"

एका आईने रिंगण करायला सांगितलं, दुसरीने शर्यत लावली आणि पहिला आलेल्याला चॉकलेट कबूल केलं, तर बाकीचे रुसले. सोरिनचा मुलगा बाकावर बसून फोन काढणार एवढ्यात पनाईत पुढे झाला.

"तुम्ही बायका वर जा," तो म्हणाला. "डॉक्टरीण म्हणालीय, मध्ये मध्ये करायचं नाही." मग मुलांकडे वळला. "लपाछपी. राज्य असेल त्याने या भिंतीला तोंड करून शंभरपर्यंत मोजायचं. लपलेल्याने नजर चुकवून यायचं, भिंतीवर थुंकायचं आणि आपलं नाव ओरडायचं. मोठ्याने. नाव ओरडल्याशिवाय सुटका नाही. राज्य कोणावर हे ठरवायचं गाणं असतं, ते असं."

आणि त्याने ते म्हटलं. सगळंच्या सगळं, आमच्या वेळचं, एकही शब्द न चुकता. अर्थ नसलेलं ते गाणं मी स्वतः विसरून गेले होते. पाठोपाठ बदकं-शिकारी या चेंडूच्या खेळाचे नियम, रबरी दोरीवरच्या उड्यांच्या सहा पायऱ्या, तुटलेल्या कौलाने आखायची ठिकरी. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

"तुम्हाला हे सगळं कसं येतं?"

"पंचवीस वर्षं उशी कानावर दाबून ऐकलंय," तो म्हणाला. "तू चाळीसवरून थेट साठावर जायचीस. मला आतून वाटायचं, उठून सांगावं पोरांना, ही चोरटी आहे म्हणून."

आम्ही वर गेलो. मी खिडकीतून बघत होते, खोटं कशाला बोलू. पहिल्या डावात तोमा लपलाच नाही, होता तिथेच उभा राहिला आणि बाद झाला. दुसऱ्या डावात खांबाच्या मागे गेला, अर्धा बाहेर. पण तोवर बाकीची मुलं तापली होती. कोणाचा तरी गुडघा फुटला आणि कोणी रडायला वर आलं नाही. थुंकायची तर परवानगीच होती, त्यामुळे भिंत ओली झाली होती आणि नावांचा नुसता गलका चालला होता. तिसऱ्या डावात राज्य इलिंकावर आलं. तिने डोळे झाकले आणि तोमा पळाला. खरोखर पळाला, वाकून, गाड्यांच्या आडून, कोपर दुमडून, मारिलेना पळायची तसा. कुठे गेला ते मला वरूनसुद्धा दिसलं नाही. पनाईत भिंतीकडे पाठ करून उभा होता, दोन्ही हात तोंडावर धरून.

आणि एक वाजला.

माझा नवरा राझ्वान गाडीत बसून हॉर्न देत होता. सगळीकडून फोन वाजायला लागले, दारं उघडली, मुलांची बखोटी धरली गेली. मी पोहण्याची पिशवी घेऊन खाली गेले. इलिंका माझा हात झटकत होती. "आई, तोमा राहिलाय! मला तो सापडलेला नाही अजून!"

"पुढच्या शनिवारी शोध. उशीर होतोय."

"पण राज्य माझ्यावर आहे!"

मी तिला उचलून गाडीत कोंबली. माझ्या हातांनी. दार लावलं तेव्हा ती काचेवर थापा मारत होती, आणि मी नवऱ्याला म्हणाले, निघ तू, रडून गप्प होईल.

अर्ध्या तासाने खालून हाका सुरू झाल्या. तोमा, तोमा. हाका इमारतीच्या पुढे गेल्या, मागे आल्या, रस्त्यापर्यंत गेल्या. मला आधी काही वाटलं नाही, मग एकदम लक्षात आलं. हाकेला ओ देत नाही असं पोर हरवलं तर त्याला शोधायचं कसं? आणि आमच्यापासून डॅन्यूब पायी दहा मिनिटांवर आहे. मी चपलेतच खाली धावले. सोरिन आला, सान्दामावशी आल्या. पनाईत नदीकडे पळत निघाला होता, त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, एका पायात बूट नव्हता. सोरिनने त्याला गाडीत घेतलं. मी तळघर बघितलं, गाड्यांखाली आडवी झाले, कचऱ्याच्या पेट्या उपसल्या. दोन वाजले, अडीच वाजले. देवाला मी एरवी त्रास देत नाही, त्या दिवशी दिला.

तीनच्या पुढे मी जिन्यामागे आले. कोबी मुरवायचे दिवस तोंडावर आले की लोक तळघरातली निळी पिंपं धुऊन तिथे वाळत ठेवतात. सान्दामावशींच्या पिंपावर झाकण होतं. धुतलेल्या पिंपावर कोणी झाकण ठेवत नाही. मी ते उचललं. आत गुडघे पोटाशी घेऊन तोमा बसला होता, घामाने निथळत, शेपूच्या आणि जुन्या मिठाच्या वासात. दोन तास. त्याने वर बघितलं.

"तुमच्यावर राज्य नाहीये," तो म्हणाला.

मी पिंपाची कड धरून उभी राहिले. खणखणीत आवाज होता. सात महिन्यांत त्या पोराने बाहेरच्या माणसाशी उच्चारलेलं ते पहिलं वाक्य, आणि ते मला हाकलायला.

"झाकण लावा. ती बघेल."

मी झाकण लावलं. दुसरं काय करणार? राझ्वानला फोन लावला, म्हटलं, तिला पाण्यातून बाहेर काढ आणि तशीच घेऊन ये, आत्ताच्या आत्ता. तो म्हणाला, "वेड लागलंय का तुला? आज सरांसमोर वेळ लावून पोहायचंय." मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात सोरिनची गाडी परतली. माझ्या चेहऱ्यावरून पनाईत समजला. मी हात वर करून त्याला थांबवायच्या आत तो पिंपापाशी पोचला, झाकण भिरकावून दिलं आणि पोराला दोन्ही हातांनी ओढून छातीशी धरलं.

"अरे बाळा, बाळा, संपला खेळ! सगळी केव्हाची घरी गेली!"

तोमाने अंगणाकडे बघितलं. गाड्या पुन्हा जागच्या जागी लागल्या होत्या. "गेली?" त्याने विचारलं, ते कुजबुजत. मग आजोबांचे हात बाजूला करून तो चालत जिन्यात शिरला. भिंतीजवळून गेला, पण भिंतीकडे बघितलं नाही.

पनाईत तिथेच खाली बसला. "मी सांगायला नको होतं," तो म्हणत होता. "दोन मिनिटं कळ काढली असती तर. मी नेहमी मध्येच येतो. मी नेहमी मध्येच आलोय." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मी चेंडू कापले, मान्य. पण चेंडू कापला तरी तुम्ही पोरं खेळायची थांबला नव्हतात, कोरिना." त्याला बोलायचं होतं ते बोलून झालं आणि मला तोंड लपवायला जागा राहिली नाही.

राझ्वान तिला पोहणं संपल्यावरच घेऊन आला. रात्री जेवताना इलिंकाने विचारलं, "तोमा सापडला?"

"हो."

"कोणाला?"

"मला."

तिने काटा खाली ठेवला. "पण तुझ्यावर कुठे राज्य होतं?"

रविवारी सकाळी दहाला ती जर्मनच्या तासाला पडद्यासमोर बसली आणि मी ओट्याशी मिरच्या भाजत होते. अंगणातून कोणीतरी आकडे म्हणत होतं. आवाज ओळखीचा नव्हता. आमच्या जिन्यात मला सगळ्यांचे आवाज ठाऊक आहेत, शिंकासुद्धा ठाऊक आहेत, म्हणून मी खिडकीशी गेले.

तोमा भिंतीला तोंड करून उभा होता. कोपरात डोळे खुपसलेले. तो मोजत होता, मोठ्याने, एकेक आकडा नीट उच्चारत, सगळ्या खिडक्यांना ऐकू जाईल असा. अंगणात कोणी नव्हतं. त्याने स्वतःच राज्य घेतलं होतं. खाली बाल्कनीत पनाईत कठडा धरून उभा होता. तो हलत नव्हता, आणि वर बघून मला हाकही मारत नव्हता. त्यापेक्षा गुरुवारसारखं पुन्हा दारात येऊन त्याने काही मागितलं असतं तर मला परवडलं असतं.

"बावन्न. त्रेपन्न."

शंभर झाले की तो वळेल, शोधायला निघेल, गाड्यांच्या मागे, पिंपांत, तळघरात बघेल, आणि कोणीच लपलेलं नसेल. मग पुन्हा किती दिवस? बारा सप्टेंबरला किती राहिले होते ते मला पाठ होतं. मी आतल्या खोलीत धावले. इलिंका कानात यंत्र घालून कुठल्याशा क्रियापदाची रूपं म्हणत होती. मी ते यंत्र ओढून काढलं.

"ऊठ. खाली जाऊन लप."

"आई, तास चालू आहे."

"शंभर व्हायच्या आत लप! पळ!"

तिने ऐकलं. खिडकीतून आलेला तो आवाज तिनेही ऐकला, आणि अनवाणीच दाराबाहेर पडली. पडद्यावरच्या बाई 'हॅलो, हॅलो' करत राहिल्या. मी परत खिडकीशी आले. मिरच्या जळत होत्या. जिन्यात तिची पावलं अजून दुसऱ्या मजल्यावरच वाजत होती, आणि खाली तोमा एक्क्याऐंशीवर पोचला होता.